फेटे बांधणारी बाई

सरक इकडं, अशी जवळ बस. अन् तो मोबाईल ठेव बाजूले. गावात येते अन् मावशीच्या दारावरून सरळ निघून जाते, हे काही बरं नाई पोरी. ऐक आता.

शाळेचं संमेलन होतं. मंडप भरलेला. चौथीच्या पोराइचं नाटक संपलं, अन् नव्या मॅडम माइकवर बोलल्या, "फेटे बांधणाऱ्या बाईंसाठीही एकदा टाळ्या."

फेटे बांधणारी बाई. म्हणजे मी.

माह्या बापाचा जन्म दंडारीच्या खेळात, गावच्या नाटकात, सोंगं करण्यात गेला. बाईचं सोंगही तोच घे. बाईमाणसाले तिथं उभं राहू देत नसत. मी पाहून पाहून शिकली. मग या शाळेतल्या पोराइले कितीक वर्षं नाटक शिकवलं. कागद नाई देत मी हाती. एकाले बोरिंगपाशी उभं करते, दुसऱ्याले फाटकापाशी, अन् म्हणते, भांडा. ऐकू नाई आलं त पुन्हा भांडा.

यंदा शाळा समितीच्या अध्यक्षाची सून आली, त्याच या नव्या मॅडम. बाजारात मोठं दुकान त्याइचं. नाटकाचं कॉलेज केलेली. हेडमास्तर मले म्हणे, "मावशी, तुमच्यामुळं पोरं गावठी बोलतात. आता मॅडम शिकवतील. तुम्ही फेटे पाहा."

मी फेटे पाह्यले. दारातून तिलेही पाह्यलं.

खरं सांगू? ती वाईट शिकवती त मी सुखानं झोपली असती. चांगलं शिकवून राह्यली होती. लाजरी खुशी, जिच्या तोंडून आवाज काढाले मले अख्खा पावसाळा लागला, ती तिच्या मांडीवर जाऊन बसली. तिचं बोलणं, तिची साडी, ती मांडी, समदं मले पाह्यजे होतं. त्या लेकरावरही राग आला.

त्या दिवशी मंडपात टाळ्या वाजल्या. हात जोडून हसायचं होतं फक्त. बापानं जन्मभर तेच केलं. पाटलानं "वा रे नाच्या" म्हटलं का वाकायचं.

मी नाई वाकली. स्टेजवर चढली. माइकले हात नाई लावला.

"फेटे मीच बांधले. पण या पोराइले उभं राहाले मी शिकवलं. ते सांगा."

मॅडमनं माह्यासाठी खुर्ची सरकवली. मी बसली नाई. उतरून घरी आली.

तेव्हापासून शाळेचं बोलावणं नाई. नसू दे. दर रविवारी माह्या अंगणात पोरं येतात, पोरी जास्त. गावठीतच भांडतात. खुशी येत नाई, ती मॅडमकडंच जाते. जळते मी अजून, अन् जळीन. पण माह्या कामाले दुसऱ्याचं नाव लागलं, तर आता कोणाच्याही मंडपात उठून उभी राहीन.

तू येजो या रविवारी. लवकर येजो, पोरं जमायच्या आधी.