सातवं कार्ड

एकसष्टाव्या वर्षी बाईला धाकटी म्हणावं का, हा प्रश्न त्या घरात कुणाला कधी पडलाच नाही. थोरला तो दादा, मागची ती धाकटी. दादाला जाऊन तीन वर्षं झाली तरी नाव काही सुटलं नाही. मात्र आता त्या नावाने हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, आई. आणि तीही दिवसातून अर्धा तासच मारायची.

बाकीचा दिवस आई तिला ‘बाई’ म्हणायची. शहाऐंशी वर्षांचं वय, डोळ्यांपुढे धुकं आणि आठवणींना भोकं पडलेली. “बाई, पाणी देता का जरा?” “बाई, तुम्हाला घरी जायला उशीर नाही ना होत?” असं अगदी अदबीने बोलायची. जिने जन्मभर ‘अगं’ सोडून दुसरा शब्द वापरला नाही, ती आता पोटच्या पोरीला अहो-जाहो करत होती. धाकटीला सुरुवातीला याचं हसू यायचं. पुढे येईनासं झालं.

घर म्हणजे रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मागच्या खोलीत आईचा पलंग, पुढच्या खोलीत कामाचं टेबल आणि भिंतीलगत उभे केलेले जुने सिंथेसायझर. चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीची ही वाद्यं, एकेक उचलायला दोन माणसं लागतात. त्यांच्यात कुणाचा रेकॉर्ड केलेला सूर नसतो. आत वीज थरथरते, ती थरथर पाहिजे तशी गाळायची, वळवायची, एका थरावर दुसरा थर चढवायचा, की त्यातून कधीच कुणी न ऐकलेला आवाज तयार होतो. तसे आवाज लावून घ्यायला वादक लोक या जिन्याला खेटे घालायचे.

ते यायचे दादाकडे. दादा आवाज लावायचा आणि धाकटी यंत्रं दुरुस्त करायची. दादाला साधा स्क्रू सरळ पिळता येत नव्हता, आणि धाकटीने लावलेला आवाज कुणी कधी नेला नाही. तिने प्रयत्न केले नव्हते असं नाही. दादा बाहेर गेला की ती थरावर थर लावून बघायची. सगळं बरोबर असायचं, काडीची चूक नसायची. वादक ऐकायचे, “छान आहे ताई,” म्हणायचे, आणि दादाने घाईघाईत लावलेलं काहीतरी वेडंवाकडं घेऊन खूश होऊन जायचे. धाकटीने मग कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून आवाजाच्या वाटेला गेली नाही.

तर तो अर्धा तास. दुपारचे चार वाजले की ती आईला धरून पुढच्या खोलीत आणायची, खुर्चीत बसवायची. मोठा कीबोर्ड चालू करून दहा मिनिटं तापू द्यायची. मग सदतीस नंबर लावायची. दादाने त्या कीबोर्डच्या मेमरीत चाळीस आवाज ठेवले होते, त्यातला हा सदतिसावा. एक पट्टी दाबली की दोन आवाज एकावर एक वाजायचे. खालचा थर जाड, संथ, उमटायला वेळ घेणारा. वरचा पातळ, कातर. धाकटी साधे चार-पाच सूर धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. आणि कुठल्यातरी एका सुराच्या आधी कुणीतरी श्वास घ्यायचं.

दादा लहानपणी अडखळत बोलायचा. मोठेपणी अडखळणं गेलं, पण प्रत्येक वाक्याआधी छाती भरून श्वास घ्यायची खोड गेली नाही. त्या श्वासावरून अंधारातही कळायचं की आता दादा बोलणार. सदतीस नंबरमध्ये हुबेहूब तोच श्वास होता. तो ऐकला की आईचा चेहरा उजळायचा. “आला का? धाकटे, अगं त्याला आधी पाणी दे. दमून आलाय.”

धाकटे. दादा आला की आईला धाकटीही आठवायची. एरवी नाही. मेलेल्या भावाच्या मागे मागे जिवंत बहिणीला घरात यावं लागत होतं, आणि तिला त्याचीही तक्रार नव्हती. त्या अर्ध्या तासासाठी ती उरलेले साडेतेवीस तास बाई म्हणून काढत होती.

फेब्रुवारीत एका दुपारी कीबोर्डच्या छोट्या काचेवर आकडे लुकलुकायला लागले. आकडे असे लुकलुकले की समजायचं, आतली बॅटरी संपत आली. या बॅटरीवर मेमरी जगते. ती गेली की चाळीसही आवाज पुसले जाणार, आणि सदतीसही.

तिने मग कसलीही घाई केली नाही. सगळे आवाज आधी कॅसेटवर उतरवून घेतले, एकदा नाही, तीनदा. कॅसेट परत वाजवून ताडून पाहिल्या. मग झाकण उघडलं. आत सर्किटची आठ कार्डं ओळीने उभी होती. एका कार्डातून एका वेळी एकच सूर. चार कार्डं खालच्या थराला, चार वरच्या. दाबलेल्या पट्टीला पुढचं मोकळं कार्ड मिळतं, आणि कार्डांचा नंबर असा फिरत राहतो. तिने जुनी बॅटरी काढली, नवी लावली, कथलाचा डाग दिला. आणि मग जे तिने तीस वर्षं प्रत्येक यंत्राला केलं होतं, तेच याही यंत्राला केलं. झाकण बंद करायच्या आधी आठही कार्डं मोजून एकसारखी केली. हाताला तशी सवयच होती. मनाला विचारायची वेळच आली नाही.

सातव्या कार्डावरचा बारीकसा स्क्रू हलेना. त्यावर लाखेसारखा थेंब होता. तिने तो ब्लेडने खरवडून काढला, स्क्रू फिरवला, मीटरचा काटा इतर सातांच्या बरोबर आणला, आणि समाधानाने झाकण लावलं.

कॅसेटवरून चाळीसही आवाज एका दमात परत आले. तिच्या जिवात जीव आला. चारला आईला आणून बसवलं, सदतीस लावलं, सूर धरले. आवाज तोच होता. स्वच्छ, भरलेला, अगदी तोच. फक्त कुणी श्वास घेत नव्हतं.

आई शांत बसून ऐकत होती. पाच मिनिटांनी म्हणाली, “छान वाजवता हो बाई तुम्ही.”

धाकटीला काय घडलं ते कळायला फार वेळ लागला नाही. श्वास मेमरीत नव्हताच कधी. सातव्या कार्डाचा आवाज गाळणारा फिल्टर केसभर उशिरा उघडत होता आणि सूर लागायच्या आधी हवेसारखी बारीक सळसळ गळत होती, एवढंच. दोष होता तो, आणि सदतीसचा खालचा थर संथ उमटायचा म्हणून त्यातच ऐकू यायचा. पट्टी कुठलीही दाबा, दर चौथ्या सुराला सातव्या कार्डाची पाळी यायची आणि ते श्वास घ्यायचं. म्हणून तो कधी खालच्या सुरात ऐकू यायचा, कधी वरच्या, घरात कुणी इकडून तिकडे फिरत असल्यासारखा. दादा नेहमी म्हणायचा, “सातव्याला हात लावू नकोस हं.” तिला वाटायचं, आळशी माणूस, काम टाळायचं निमित्त काढतोय.

दुसऱ्या दिवशी एक कीबोर्डवाला आला, दादाच्या वेळेपासूनचा. त्याने सदतीस वाजवून पाहिलं. “ताई, मशीन काय ठेवलंय. आठही कार्डं एकसारखी. दादाच्या हातात असताना हे जरा खोकायचं,” तो म्हणाला.

“हो, खोकायचं,” धाकटी म्हणाली. तो गेल्यावर तिने दाराला आतून कडी लावली आणि खूप रडली.

मग टेबल पुसताना खरवडलेल्या लाखेचे कपचे तिच्या बोटाला लागले. तिने ते दिव्याखाली धरले. लाख नव्हती ती. गर्द किरमिजी नेलपॉलिश होतं, आणि ते तिचंच होतं. बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा आणलेली बाटली चार दिवसांत नाहीशी झाली होती, म्हणून ती आठवडाभर दादाशी बोलली नव्हती. दादा शपथेवर नाही म्हणाला होता. म्हणजे ज्याला स्क्रू सरळ पिळता येत नव्हता, त्याने हा एक स्क्रू कितीतरी दिवस बसून लावला होता, आणि कुणी हलवू नये म्हणून वर बहिणीचं नेलपॉलिश चोरून लावलं होतं. स्वतःचा श्वास त्याने स्वतःच यंत्रात बसवून ठेवला होता. का, ते विचारायची सोय आता नव्हती. खोलीत ऊन होतं, खाली दुकानात रंगाचे डबे हलवल्याचा आवाज येत होता, आणि तिच्या अंगावर काटा उभा राहिला.

त्यानंतर तीन आठवडे धाकटी त्या स्क्रूच्या हात धुवून मागे लागली. रोज झाकण उघडायचं, स्क्रू केसभर फिरवायचा, चारला आईला ऐकवायचं. श्वास यायचा. पण कधी तो म्हाताऱ्याचा दमा वाटायचा, कधी सायकलच्या चाकातून हवा गेल्यासारखा. आई ऐकायची आणि पाहुण्याच्या घरी बोलावं तसं बोलायची. “वा.” “छान.” “दमला असाल, बसा आता.” एकदा नुसतीच म्हणाली, “आमचा मुलगाही वाजवायचा. हल्ली येत नाही तो.”

धाकटीने मीटर लावून पाहिलं, वहीत आकडे लिहिले, दादा बोलत असलेली एक जुनी कॅसेट शोधून शेजारी वाजवली. काही लागू पडेना. एका बुधवारी वैतागून तिने मीटर बाजूला ठेवला, वही मिटली आणि डोळे बंद करून नुसत्या कानाने स्क्रू फिरवला. कुठे थांबायचं ते ठरवलं नव्हतं. हात एका जागी थांबला, तिथे तिने राहू दिला. वरचा थर जरा कमी केला, खालचा अजून संथ केला. बरोबर आहे की चूक, हे आयुष्यात पहिल्यांदाच तिने तपासलं नाही.

चार वाजता आई खुर्चीत येऊन बसली. धाकटीने सूर धरले. एक, दोन, तीन. चौथ्याला श्वास आला, पण त्याच्या मागोमाग सूर आला नाही. श्वास घेतलेला तसाच राहिला, आणि बऱ्याच वेळाने, जणू विचार बदलून, सूर हळूच लागला. हा दादाचा नव्हता, हे तिला तत्क्षणी कळलं. ती बंद करायला गेली.

“थांबा,” आई म्हणाली. तिची मान वर झाली होती. “पुन्हा वाजवा.”

धाकटीने पुन्हा वाजवलं.

“ही तर धाकटी.”

धाकटीचे हात पट्ट्यांवरच राहिले. “आई, मीच आहे गं. इथेच आहे.”

“अहो बाई, जरा गप्प बसा. ऐकू द्या मला.” आईने हवेत हात हलवून तिला बाजूला सारलं. मग कितीतरी वेळ ऐकत राहिली. “अशीच होती ती. बोलायला म्हणून श्वास घ्यायची आणि मग बोलायचीच नाही. मी म्हणायचे, अगं सांग की काय ते. दादाच्या बडबडीत राहूनच जायचं तिचं.” आईने पदराने डोळे पुसले. “आता मीच विचारते आहे तर कुठे आहे ती? कधी गेली हो माझी मुलगी? मला कुणी सांगितलं कसं नाही?”

धाकटी खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसली. आईचा हात हातात घेतला. सांगायला म्हणून तिने तोंड उघडलं, श्वास घेतला. पण शब्द फुटला नाही.

तो स्क्रू तिने नंतर हलवला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन किरमिजी नेलपॉलिशची बाटली घेऊन आली आणि एक थेंब त्यावर लावला. दादाचं नाव त्यानंतर आईच्या तोंडून कधी निघालं नाही. धाकटीला त्याचं वाईट वाटतं, रात्री पडल्यावर जास्तच वाटतं. आपणच त्याला घराबाहेर काढलं, असं वाटतं. आयुष्यात एकच आवाज तिला जमला, आणि त्यात ती स्वतः निघाली.

आता रोज साडेतीनपासूनच आई पुढच्या खोलीत जायची घाई करते. केस सारखे करून घेते, साडी नीट करून घेते.

“बाई, माझी मुलगी येईल ना हो आज?”

“येईल,” धाकटी म्हणते, आणि कीबोर्ड तापायला लावते.