गुडघा संपला, करार उरला

नव्वदच्या आसपास इंग्लंडात, आमच्या स्लाऊच्या घरी, वरच्या खोलीत, एक अमेरिकन बास्केटबॉलपटू राहायचा. इथला क्लब आपल्या परदेशी खेळाडूंची सोय अशी घरोघरी लावायचा. आमची चौकट त्याच्या कपाळाला लागायची, म्हणून तो रोज वाकून आत यायचा. तेव्हाची मी, चाळिशीला टेकलेली आणि अकलेने बेताची, मनात म्हणायचे, किती संस्कारी मुलगा. मला काकू म्हणायचा. बाहेर पडताना "येतो" म्हणायचं, हे मीच त्याला शिकवलं होतं.

त्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता. सीझन संपला की खेळणं सोडायचं, हे ठरलेलं. शेवटची मॅच आमच्याच स्पोर्ट्स सेंटरमध्ये होती आणि ती बघायला त्याची आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती. मुलाला मोठेपणी खेळताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

एका संध्याकाळी तो गुडघ्यावर फ्रोझन मटारची पिशवी ठेवून किचनमध्ये बसला होता. म्हणाला, "काकू, मला देऊन टाकलं."

"कुणाला?"

"उत्तरेकडच्या क्लबला. मला म्हणजे माझ्या कराराला. मी इथेच आहे."

मग त्याने सावकाश समजावलं. पगारावर किती खर्च करायचा याला लीगची मर्यादा असते. आमच्या क्लबला तिकडचा एक तरणाबांड उंच खेळाडू हवा होता. त्याला घ्यायचं तर तेवढ्याच पगाराचं कुणीतरी द्यायला हवं. आणि हा उन्हाळ्यात निवृत्त झाला की त्याचा पगार त्या क्लबच्या डोक्यावरून उतरणार, पुढच्या वर्षी त्यांना मर्यादेत मोकळी जागा.

"म्हणजे त्यांना तू नकोच आहेस?"

"मी संपणार, ते हवंय. पण कागदोपत्री मी त्यांचा. इथली जर्सी आता चालणार नाही."

अदलाबदलीची सही शुक्रवारी होती. मी गुरुवारी क्लबच्या मॅनेजरला जेवायला बोलावलं. माणूस एकदा पाटावर बसला की विरघळतो, असा माझा सिद्धांत होता. जरीची साडी, वर कार्डिगन, आणि चेहऱ्यावर हायकमिशनरीण असल्याचा भाव. मॅनेजरचं कार्पेटचं दुकान होतं, माणूस गरीब स्वभावाचा. पुरणपोळी त्याने तूप मागून मागून खाल्ली.

"त्याची आई येतेय हो," मी विषय काढला. "एक मॅच थांबा."

त्याने घास खाली ठेवला. "ठाऊक आहे मला. पण अदलाबदलीची मुदत उद्याच संपते. तो पोरगा आला नाही तर आम्ही खालच्या डिव्हिजनला जातो. मग कुणालाच पगार नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. हॉस्पिटलात दिवसभर वाईट बातम्या देणारा माणूस. तो मराठीत म्हणाला, "अगं, वाढ त्यांना अजून एक." मॅनेजरने बायकोसाठी दोन पोळ्या फॉइलमध्ये बांधून नेल्या.

शुक्रवारी सकाळी सवयीने मी दह्याचा चमचा घेऊन उभी. कुणी गावाला निघालं की हातावर दही द्यायचं. पण करार फॅक्सने निघालेला, आणि माणूस टोस्ट खात बसलेला.

"फॅक्स मशीनच्या हातावर ठेव," नवरा म्हणाला.

आपल्या आईला फोनवर सांगणं त्या मुलाला जमलं नाही. "काकू, तुम्ही सांगाल?" मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. विमानतळावरून येताना ती मांडीवरचा नवा कॅमेरा कुरवाळत होती, आणि मी तिला पूर्ण रस्ता इंग्लंडचं हवामान सांगितलं.

मॅचच्या दिवशी मॅनेजरने त्याला संघाच्या बाकावर बसू दिलं, कोट घालून, अगदी टोकाला. तेवढंच त्याच्या हातात होतं. नवा पोरगा सुरेख खेळत होता, त्याचा रागही करता येईना. आमचा प्रत्येक बास्केटला टाळ्या वाजवत होता.

हाफ टाइमला आईने माझ्या कानाशी विचारलं, "तो कोट कधी काढणार?"

मी शंकरपाळ्यांचा डबा उघडून तिच्यापुढे धरला. तिने एक घेतली, बराच वेळ चावली, बाकाकडे बघत राहिली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तोवर मी फिल्म वाचवून ठेवते."