गढूळ पाणी आणि जावईबापू

घाटातल्या त्या धबधब्याचे शुभ्र पाणी बघता बघता गढूळ झाले आणि त्यात पालापाचोळा वाहून येऊ लागला. वर डोंगरात पाऊस वाढल्याची ती खूण होती. आमचे नवे जावई मात्र प्रवाहातल्या खडकावर पाठमोरे उभे राहून मोबाईलमध्ये स्वतःचे छायाचित्र टिपत होते.

कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. कोणास कोणत्या शब्दांत विनवावे, हे मला शिकवावे लागत नाही. मी म्हणालो, "जावईबापू, आपणांस विनंती आहे की, आपण कृपया अलीकडे यावे."

"आलोच, मामा," असे म्हणून ते तिथेच राहिले. पाणी त्यांच्या घोट्यांवर चढले. लेकीने माझी बाही घट्ट धरली.

तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती कडाडल्या, "मुकाट्यानं बाहेर ये, नाहीतर कान धरून ओढीन."

ते दोन उड्यांत काठावर आले. मागे खडक दिसेनासा झाला.

नव्या जावयाला दुखवू नये, हा रिवाज आम्ही जिवापाड जपतो. परंतु मान राखण्यास सवड लागते, आणि पाण्याला ती नव्हती.

आम्ही गाडीत बसून परत निघालो; जावयांच्या केसांतून धबधब्याच्या तुषारांचे पाणी अजून निथळत होते. वाटेत भज्यांची टपरी दिसताच ते हळूच म्हणाले, "आई, उतरू का?"

"आधी डोकं पूस," सौभाग्यवती म्हणाल्या आणि त्यांनी पदर पुढे केला.