पूजेला बसलेलं प्रोटीन

आधीच सांगते, मी भुताखेतांतली बाई नाही. दाराला टांगलेलं लिंबू-मिरची दिसलं की मला ठेचा आठवतो. इथले अनुभव मी करमणूक म्हणून वाचते आणि खाली कमेंटमध्ये भांडते... जुने वाचक ओळखतीलच. पण हा अनुभव माझ्याच घरातला, कोल्हापुरात मंगळवार पेठेतला, आणि भर दिवसाचा आहे. त्यामुळे आज शिव्या खायची पाळी माझी.

मी बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करत होते. आपल्या पेशी डीएनएची नक्कल काढतात, त्या कामाला जी प्रोटीनं लागतात, त्यातल्या एकावर. माणसाचा जीन बॅक्टेरियात घालून ते तयार करतात आणि करंगळीच्या पेराएवढ्या ट्यूबमधून पाठवतात. नाजूक इतकं, की उणे ऐंशी डिग्रीला ठेवायचं. बाहेर उकाड्यात राहिलं की कामातून गेलं. माझा शेवटचा प्रयोग तेवढा उरला होता. एकदा मुदतवाढ घेऊन झाली होती, दुसरी मिळणार नव्हती, आणि कंपनीकडे पुढचा स्टॉक कधी येईल याचा पत्ता नव्हता. म्हणजे ही ट्यूब गेली की पीएचडी गेली.

नेमकं पार्सल आलं खंडेनवमीला. डिपार्टमेंट बंद, म्हणून कुरिअरवाल्याने घरी आणून दिलं. थर्माकोलचा खोका, आत ड्राय आइस, वर इंग्रजीत मोठ्ठी सूचना. "याला कुणी हात लावू नका हं," असं आत्तींना — म्हणजे सासूबाईंना — बजावून मी लॅबची किल्ली आणायला कागलला गेले, माझ्या गाइड मॅडमकडे. त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. खोका बंद असल्यावर घाई कसली, म्हणून मीही निवांत बसले.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं, तर समोर पूजा मांडलेली. खंडेनवमीला आमच्यात कामाची हत्यारं पुजतात. मामा, म्हणजे सासरे, मोटर रिवाइंडिंगचं काम करतात. पाटावर त्यांचे पाने, पक्कड, हातोडी, शेजारी आत्तींची विळी, आणि मधोमध विड्याच्या पानावर... माझी ट्यूब! हळद-कुंकू, झेंडूचं फूल, बाजूला तेवती समई.

"मामा, हे काय केलंत!" मी किंचाळलेच.

"अगं, समद्यांची हत्यारं बसली पूजेला. तुझंच न्हाय म्हटल्यावर बरं दिसंल व्हय?"

"आणि खोक्यातला बर्फ?"

"त्यो गल्लीतल्या पोरास्नी दावला की, बादलीत टाकून!" आत्ती एकदम खुशीत. "कसला धूर निघाला गं! अख्खी गल्ली आलती बघाय."

मी पाटापुढे बसून रडायलाच लागले. सकाळपासून समईशेजारी — संपलंच की सगळं. तरी हात पुढे करून ट्यूब उचलली आणि बोटांना चटका बसला. गारठ्याचा! ट्यूबवर पांढरा बर्फ साचलेला, त्यात कुंकू अडकलेलं. हलवून बघितली, आतला थेंब दगडासारखा घट्ट.

"सकाळपास्नं तसंच हाय ते," आत्ती म्हणाल्या. "म्या दोनदा पदरानं पुसलं. पुन्ना आपलं पांढरं!"

ऑक्टोबरचा उकाडा, आणि समई विझू नये म्हणून पंखासुद्धा बंद होता हो! ट्यूब थर्मासात घालून मामांच्या स्कूटरवरून लॅब गाठली.

दसरा झाल्यावर प्रयोग लावला. "लाव, पण आशा ठेवू नकोस," मॅडम म्हणाल्या. जेलवर बँड, म्हणजे प्रोटीननं काम केल्याची खूण असलेली पट्टी, अशी ठसठशीत उमटली, की मॅडमनी चष्मा पुसून परत बघितलं आणि मला मिठीच मारली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आनंदानं मी त्या दिवशी मिसळीचे दोन कट जास्त मागून घेतले.

पण डोक्यातला किडा गप्प बसेना. तसलीच ट्यूब, आत पाणी, उणे ऐंशीला गोठवून त्याच पाटावर, समईशेजारी ठेवली. बघता बघता वितळली. मामांच्या हातानं ठेवली, वितळली. आत्तींकडून आरती म्हणवून घेतली, तरी वितळली! कंपनीला विचारलं, तर त्यांनी माल योग्य तापमानाला ठेवावा असं कळवलं. धन्यवाद.

थिसिसमध्ये मी खरं तेच लिहिलं: नमुना दिवसभर खोलीच्या तापमानाला होता. शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते, त्यामुळे मामा फेटा बांधून आणि आत्ती नवी साडी नेसून मागच्या रांगेत हजर. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बरोबर त्याच ओळीवर बोट ठेवलं. "हे प्रोटीन यानंतर चालायलाच नको. कुणी बाहेर ठेवलं होतं?"

"सर, घरी..." मी सुरुवात केली. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी ठेवलतं, सायेब. पूजेला." मामा हात जोडून उभे. "पोरीची काय चूक न्हाय त्यात. काय करायचं ते मला करा."

हॉलमध्ये हशा पिकला. परीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "नंतर हात लावला तेव्हाही गार होतं?"

"माझी बोटं बधिर झालती की!"

परीक्षकांनी जेलचा फोटो जवळ ओढून पुन्हा तपासला. मग म्हणाले, "निकाल तर खरा आहे. कारण मला माहीत नाही. अभिनंदन, डॉक्टर."

बाहेर आल्या आल्या आत्तींनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. मामा फेटा काढून घाम पुसत होते, डोळेही त्यातच पुसून घेतले. मग हळूच जवळ येऊन म्हणाले, "एक सांग बघू, सूनबाई. तू माझ्यामुळं पास झालीस, का माझ्यामुळं नापास व्हणार हुतीस?"

मी त्यांच्या पाया पडले आणि म्हटलं, "मामा, तेच तर मला अजून कळलेलं नाही."