पाच चिंचोके टाकले आणि भोपाळचा तलाव राहिला

माझी भाची माधवी भोपाळच्या टाउनशिपमध्ये राहते. जावईबापू तिथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. "मावशी, आता कोण अडवतंय तुला?" म्हणाली. खरंच की! आमचे हे होते तोवर दोन तिकिटांच्या खर्चावर कुरकुरायचे. आता एकच लागतं. निघाले.

भुसावळहून सकाळची गाडी धरा. राणी कमलापती स्टेशनला उतरा, टाउनशिप जवळ पडते. रिक्षावाला तीनशे म्हणाला. "भैया, किराया बता रहे हो कि रिक्शा बेच रहे हो?" दीडशेत आला. टाउनशिपमधली क्वार्टर्स सगळी एकसारखी. मी दोनदा शेजारणीच्याच घरात शिरले. दुसऱ्यांदा तिने चहाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी पोहे-जिलेबी हाणली, पोह्यांवर ही शेव! आता तलाव बघायचा. पण माधवीची अकराला मीटिंग होती, मीही तिच्यासोबत गेले. ती एका संस्थेत वस्तीतल्या बायकांना शिवण शिकवते. संस्थेला परदेशातून मदत यायची, ती आता फार कमी झालीय. संस्थेच्या दिल्ली ऑफिसातून साहेब आलेला. भिंतीवर चार चित्रं, खाली चार डबे: शिवण, डोळ्यांची तपासणी, कॉम्प्युटर आणि झूलाघर, म्हणजे आपलं पाळणाघर. चारातली दोनच राहणार. ज्याची गरज जास्त वाटते त्या डब्यात प्रत्येकीने पाच चिंचोके टाकायचे.

मलाही दिले. "मी पाहुणी हूँ, साब."

"अम्माजी, सबकी राय चाहिए."

मग काय! पाचही भाचीच्या डब्यात खणखण वाजवत टाकले. बायका खो-खो हसल्या.

मोजले. डोळे पहिले, शिवण दुसरं. झूलाघर शिवणापेक्षा तीन चिंचोक्यांनी मागे पडलं, म्हणजे गेलंच.

तीन! माझे पाच होते!

"साब, मेरे निकालो."

"गिनती का फोटो दिल्ली भेज दिया, अम्माजी."

शेजारच्या खोलीत पोरं झोपलेली. सांभाळणाऱ्या शन्नोबाईला विचारलं, ह्यांच्या आया कुठायत? "गोविंदपुरा, फैक्टरी में. छुट्टी इतवार को." म्हणजे ज्यांची पोरं तिथे, त्यांतली एकही मीटिंगला नव्हती! शन्नोबाईने एकीला, रेखाला, फोन लावून साहेबाच्या कानाशी धरला. मागे मशीनची घरघर. "साब, बिटिया को मशीन के पास बिठाऊँ क्या?"

मी साहेबाची बॅग मांडीवर घेऊन बसले. "इतवार को फिर से डालो."

"अम्माजी, मेरी ट्रेन है."

"बैग तो मेरे पास है."

शेवटी त्याने दिल्लीला फोन केला आणि रविवार कबूल केला. त्या गडबडीत तलाव काही झाला नाही. शनिवारी मी परत निघाले.

सोमवारी माधवीचा फोन. "झूलाघर राहिलं, मावशी."

"आणि?"

"डोळे राहिले. शिवण गेलं."

एवढ्या बायकांचं असं चिंचोक्यांवर ठरतं, हे अजून पचत नाही. "रागावलीस गं?"

"हो," म्हणाली.

रविवारी तिने आपले पाच कुठल्या डब्यात टाकले, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.