शुगरमधून फ्री

साखर आणि शुगर यांतला फरक कुंदाताईंना पक्का ठाऊक होता. साखर डब्यात असते आणि शुगर नवऱ्याच्या रक्तात. घाटकोपरच्या भटवाडीत सगळे असंच बोलतात, त्यात त्या बाईचं काय चुकलं? म्हणून सुपरमार्केटच्या रॅकवर बिस्किटांच्या हिरव्या पुड्यावर ‘शुगर फ्री’ दिसलं, तेव्हा त्यांनी सरळ अर्थ लावला. आपण भांडी आवरून फ्री होतो, तसा माणूस हे खाऊन शुगरमधून फ्री होत असणार. वर हृदयाचं चित्रही होतं. किंमत जरा चढीच वाटली, पण औषध महागच असायचं.

त्यांचे यजमान विद्याधर मूळचे गोडघाशे. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून बिनसाखरेचा चहा बघून तोंड वाकडं करायचे. ही बिस्किटं मात्र त्यांना पसंत पडली. कुंदाताई आग्रह करायच्या, “दोन अजून घ्या, शुगर उतरेल.” चपलेने झालेली त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत गेली, तसा आग्रहही वाढला. एखादी गोळी राहिली तर राहू दे, बिस्किट चुकता कामा नये.

शेवटी अंगठा कापावा लागला. शुगर आटोक्यात आली तरच पाय वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. वॉर्डात आहार समजावून सांगायला दीप्ती नावाची मुलगी आली, तेव्हा कुंदाताईंनी मोठ्या विश्वासाने पिशवीतून पुडा काढला.

“हे चालूच ठेवू ना?”

दीप्तीने पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचली. “काकी, यात साखर नाहीये, पण मैदा आहे ना. त्याने पण शुगर वाढते. दिवसाला किती देता?”

“अख्खा पुडा.”

दीप्तीने पुडा पुन्हा उलटसुलट करून पाहिला. कंपनीच्या नावाने बोटं मोडावीत, तर पुड्यावर खोटं असं काहीच छापलेलं नव्हतं. मेल्यांची हुशारी ती हीच.

चार वाजता चहा आला. विद्याधरांनी सवयीने बिस्किटासाठी हात पुढे केला आणि कुंदाताईंना रडू फुटलं.

“ते औषध नव्हतं हो. मीच चारलं तुम्हाला. माझ्यामुळे गेला अंगठा.”

विद्याधरांनी पायाच्या पट्टीकडे पाहिलं. मग हात मागे घेत ते हळूच म्हणाले, “म्हणजे आता बिस्किटं पण बंद?”