सिनेमातून कापलेली नावं

अप्पांच्या बोलण्याचा मला पहिल्यांदा संशय आला तो एका रविवारी दुपारी, टीव्हीसमोर, चार माणसांत.

अप्पा म्हणजे माझे वडील. लग्नाआधी ते कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत पाट्या रंगवत. सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर नटांची, संगीतकाराची नावं येतात ना, त्या पाट्या. पुढे स्टुडिओतलं काम आटलं आणि ते दुकानांचे बोर्ड रंगवू लागले. पण एका जुन्या कृष्णधवल सिनेमाचा विषय घरात कायम असे. "त्यात माझं नाव हाय," ते सांगत. मी तो सिनेमा कधी पाहिला नव्हता. गेल्या वर्षी तो एका वाहिनीवर लागणार असं कळलं, तेव्हा अप्पांनी राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटवर खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बायकोसकट बोलावलं आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून बसले.

आधी एक सोनेरी हरीण गरगर फिरलं, खाली कुठल्याशा कंपनीचं नाव. मग दुसऱ्या कंपनीचं निळं वर्तुळ. मग कॉम्प्युटरच्या ठोकळेबाज अक्षरांत सिनेमाचं नाव, आणि थेट नायिका विहिरीवर. पाट्या नाहीतच. हरीण मात्र कोपऱ्यात शेवटपर्यंत बसून होतं.

"काका, तुमचं नाव कधी येतंय?" डॉक्टरांच्या बायकोनं विचारलं.

"कापलं की हो," अप्पा म्हणाले. "सगळंच कापलं त्यांनी."

डॉक्टर नुसतं "हो, हो" म्हणाले. ते 'हो, हो' मला झोंबलं. आई पोहे आणायला आत गेली ती लवकर बाहेर आलीच नाही. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "बरं झालं कापलं ते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माझी सगळी नोकरी बँकेत सह्या ताडून बघण्यात गेली. एखादी रेघ वेगळी वळली की मला चैन पडत नाही. मी अप्पांना आडून आडून विचारायला लागले. पाट्या किती होत्या? एकदा अकरा म्हणाले, एकदा चौदा. नाव कुठल्या पाटीवर? शेवटच्या. चार दिवसांनी म्हणाले, मधल्या. माझ्या मनात येऊन गेलं, हा माणूस जन्मभर थाप मारत आला आणि आता हरणानं त्याला आयतं निमित्त दिलं.

शेवटी अप्पाच चिडले. "इचलकरंजीला जा. माझा दोस्त हाय तिथं, थेटरात मशीन चालवायचा. महिनाभर रोज दाखवलाय त्यानं त्यो सिनेमा. त्यालाच इचार."

मी गेले. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. अप्पांचे हे दोस्त, चाचा, दारातच उभे होते. मी चप्पल काढायच्या आतच म्हणाले, "व्हय, नाव होतं की!"

"अप्पांचा फोन आला होता ना?"

"आला की. सकाळीच."

म्हणजे साक्षीदार पढवलेला. तरी मी नेटानं विचारत राहिले, नाव वर होतं की खाली, अक्षर केवढं होतं. चाचांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "बेटी, तू बँकेतनं आलीयास का पोलिसातनं?"

मग ते आतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. रिळाची सुरुवात सगळ्यात आधी झिजते आणि तुटते. तुटली की दोन-चार चौकटी कापून पुन्हा जोडायची. ते कापलेले तुकडे चाचांनी जपून ठेवले होते.

"आता हक्क इकत घेणारा येतोय, आपला शिक्का म्होरं चिकटवतोय," ते म्हणाले. "आमी चार चौकटी कापायचो, ह्यांनी आख्खं तोंडच उडवलं."

मी एकेक तुकडा खिडकीशी धरून भिंगातून पाहिला. ध्वनिमुद्रण. रंगभूषा. मग 'नामलेखन', आणि त्याखाली अप्पांचं नाव. मला स्वतःचीच लाज वाटली. पण अप्पांच्या वर आणखी एक नाव होतं. बाईचं. आडनाव माझ्या आजोळचं.

"ही माझी आई?"

चाचांनी मान हलवली. "माझं नाव होतं एवढंच सांग, म्हणाला. ते काय खोटं न्हाय, म्हणून सांगितलं."

तो तुकडा मागून घेऊन मी घरी आले. अप्पा पेपर वाचत होते, आई शेंगा फोडत होती. मी तुकडा आणि भिंग आईच्या हातात दिलं. ती गॅलरीत उजेडाला गेली. बराच वेळ बघत राहिली.

"'ख' वाकडा आलाय," ती म्हणाली. "घाई झालती."

"तू रंगवलीस ही?"

"सगळ्याच अक्षरांची आखणी माझी. ह्यांनी रंग भरला. लग्न ठरल्यावर सुटलं ते, सासरी चालणार न्हवतं. मग एकदा पाव्हण्यांत हे 'मी केलं' म्हणाले, मी गप बसले. पुढं तेच हून बसलं. त्या दिवशी ह्यांची शोभा झाली असती, म्हणून म्हटलं बरं झालं."

अप्पांनी पेपर खाली ठेवला. "म्हणूनच तर बोलावलं हुतं लोकांस्नी. मला तोंडानं सांगायचं जमंना. पडद्यानं सांगितलं असतं."

"मग चाचांना फोन कशाला केलात?" मी विचारलं.

ते पेपरची घडी घालू लागले. ते खरं बोलत होते की तेवढ्यात सुचलं, हे मला आजही ठरवता येत नाही. मी म्हटलं, "आता तरी खाली जाऊन सांगा."

त्यांनी आईकडून तुकडा मागून घेतला आणि गेले. माझा अजून विश्वास नव्हता. मी मागोमाग जिन्यात जाऊन उभी राहिले. डॉक्टरांचं दार उघडलं. अप्पा म्हणाले, "त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलंय. नाव आमच्या हिचं हुतं. माझं तिच्या खाली."

ते वर आले तेव्हा हात रिकामा होता. डॉक्टरांच्या बायकोला तुकडा नीट बघायचा होता म्हणे.

"घेऊन या परत," आई म्हणाली. "माझा हाय त्यो."

अप्पा पुन्हा जिना उतरले.